अर्धा किलोमीटर, सहा खाती

विधानसभा अध्यक्षाचं पद राज्यघटनेच्या कोणत्या कलमात आहे, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा, १७८ म्हणेन. राज्यसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था पहिली, पोलीस दुसरे, सार्वजनिक आरोग्य सहावं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसून हे सगळं घोकलं होतं. पूर्वपरीक्षा निघायची, मुख्यला अडायचं. शेवटी घरच्यांनी 'आता पुरे' म्हटलं आणि ओळखीपाळखीने मी आमच्या तालुक्याच्या आमदारांच्या कार्यालयात चिकटले. साहेबांनी एकच विचारलं, "मराठी टायपिंग येतं का?" येत होतं. "मग काकांच्या शेजारी बस. हिवाळी अधिवेशनाचे प्रश्न टाकायचेत."

काका म्हणजे साहेबांचे स्वीय सहायक. याआधी दोन आमदारांकडे काम केलेलं, दोघंही वेगळ्या पक्षांचे. आमदार बदलतात, पक्ष बदलतात, अर्ज तेच राहतात, असं त्यांचं म्हणणं. टेबलावर अर्जांचा गठ्ठा, त्यावर पेपरवेट म्हणून एक जुना पाण्याचा नळ. तो नळ तिथे का, हे मी विचारलं नाही. पाणीपुरवठ्याच्या कुठल्या तरी जुन्या प्रश्नातला पुरावा असावा.

पहिले काही आठवडे मला काहीच कळेना. प्रश्न विचारायचा म्हणजे जे माहीत नाही ते विचारायचं, अशी माझी साधी समजूत. काका नेमकं उलटं सांगत होते. "उत्तर हातात नसेल तर प्रश्न टाकायचा नाही." मग विचारायचं कशाला? काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुढचा अर्ज माझ्यासमोर सरकवला.

त्यात आयुधांची नावं. साहेबही त्यांना 'आयुधं'च म्हणतात. तारांकित, अतारांकित, अल्पसूचना, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, हरकतीचा मुद्दा, नियम ९७ चा स्थगन, नियम २९३ ची चर्चा. तारांकिताला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर फक्त कागदावर मिळतं, तिथे उभंही राहायचं नाही आणि बोलायचंही नाही. लक्षवेधी ताज्या आणि तातडीच्या बाबीवर. अभ्यासात हे तक्त्यात पाठ केलं होतं. कुठल्या अर्जाला कुठलं आयुध, हे त्या तक्त्यात नव्हतं.

आणि अर्ज कशाकशाचे यावेत! सातबाऱ्यावरची चूक, घरकुलाचा हप्ता, म्हातारीची पेन्शन, शेजाऱ्याचा बांध. नॉन क्रीमीलेअरचा दाखला तहसीलमध्ये अडलाय म्हणून एकजण थेट 'विधानसभेत आवाज उठवा' म्हणत आला. काकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, याला विधानसभा लागत नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. मुदतीत दाखला मिळाला नाही तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. तो माणूस हिरमुसला. त्याला अपील नको होतं, फोन हवा होता. काकांनी फोनही केला. कायदा सांगायचा आणि फोनही करायचा, ही त्यांची पद्धत. त्यातलं दाखल्याला नेमकं काय लागू पडलं, मला सांगता येणार नाही.

एक अर्ज होता, 'अँब्युलन्स वेळेत आली नाही.' काकांनी विचारलं, "कुठली?" माझ्या लेखी अँब्युलन्स म्हणजे अँब्युलन्स. तर नाही. १०८ ची निराळी. ती राज्यभराची तातडीची सेवा, २०१४ पासून कंत्राटावर चालते. १०२ ची निराळी. ती प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेली, मुख्यतः गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी. १०८ चा प्रश्न असेल तर फोन किती वाजता लागला आणि गाडी किती वाजता निघाली, हे विचारायचं. १०२ चा असेल तर गाडी आहे पण चालक आहे का, डिझेलचं बिल थकलंय का, हे विचारायचं. अर्जदाराला रात्री दोन वाजता एवढी विचारपूस करायचं भान असेल, अशी अपेक्षा मात्र व्यवस्थेची दिसली.

मग तो अर्ज आला, ज्याच्यामुळे मला हे काम थोडंफार उमजलं. किंवा मी आणखी गोंधळले.

आमच्या तालुक्यातल्या एका मोठ्या गावात मुलींचं शासकीय वसतिगृह आहे. एसटी स्टँडपासून अर्ध्या किलोमीटरवर. मुलींनी लिहिलं होतं, संध्याकाळच्या गाडीने उतरलं की स्टँडवर थांबून राहतो, चार-पाच जणी जमलो की मगच निघतो. रस्त्यावर दिवे नाहीत. मधल्या पोलीस चौकीला कुलूप. चौकीच्याच कट्ट्यावर पोरं बसतात, गाड्या आडव्या घालतात. खाली सह्या, आणि एकीने शेवटी लाल पेनाने लिहिलेलं: 'पोलीस झोपले आहेत का?'

मला वाटलं, यात करायचं काय आहे? लाल शाईतलं ते वाक्य काढलं की प्रश्न तयार. काकांनी विचारलं, "कुणाला विचारणार?"

"गृहमंत्र्यांना."

"दिवे गृहमंत्री लावणार?"

तिथून सुरू झालं. रस्ता राज्यमार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम. खांबांवरचे दिवे ग्रामपंचायतीचे, म्हणजे ग्रामविकास. बहुतेक दिवे बंद का, तर बिल थकलं म्हणून महावितरणने त्यांची जोड तोडलेली; तो ऊर्जा विभाग. स्टँड एसटी महामंडळाचा, म्हणजे परिवहन. वसतिगृह समाजकल्याणचं, म्हणजे सामाजिक न्याय. आणि चौकी गृहखात्याची. अर्धा किलोमीटर चालायला त्या मुलींना सात-आठ मिनिटं लागतात, तेवढ्यात त्या सहा मंत्र्यांच्या हद्दी ओलांडतात. प्रश्न मात्र एका मंत्र्यालाच विचारायचा असतो. भलत्याला विचारला तर तो 'संबंधित विभागाकडे' फिरत राहतो आणि तोवर अधिवेशन संपतं. गावात रेल्वे स्टेशन नव्हतं हे नशीब. स्टेशनवरची चोरी लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे राज्याकडे. रुळांची आणि रेल्वेच्या मालमत्तेची राखण रेल्वे सुरक्षा बलाकडे, म्हणजे केंद्राकडे. आणि पादचारी पूल तर सरळ दिल्लीचा विषय. तो विधानसभेत चालायचा नाही.

दुसरा पेच मोठा होता. काकांनी विचारलं, "छेडछाडीची तक्रार दाखल आहे का?" नव्हती. एकाही मुलीने दिली नव्हती. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं, तक्रार केली की घरी फोन जाणार, फोन गेला की बाप येणार, आणि बाप आला की कॉलेज बंद. इतकं सरळ. काका म्हणाले, "मग 'मुलींची छेडछाड होते हे खरे आहे काय' असं विचारलंस तर उत्तर काय येणार? हे खरे नाही. कारण ठाण्याच्या नोंदीत गुन्हा नाही. नोंदीत नाही ते सभागृहात खरं नसतं."

हे ऐकून मला राग आला होता, अजूनही येतो. पण काकांचं त्या रागाशी काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, जे नाकारता येत नाही तेवढंच धर. कुलूप नाकारता येत नाही. खांब नाकारता येत नाहीत. जाऊन मोजून ये.

मी संध्याकाळी त्या मुलींबरोबर स्टँडपासून वसतिगृहापर्यंत चालले. खांब अठरा, चालू दिवे चार, त्यातला एक लुकलुकणारा. चौकीच्या दाराला कुलूप, कुलपावर गंज इतका की किल्ली सापडली तरी उघडलं नसतं. ओट्यावर कुणीतरी कडबा रचून ठेवला होता आणि खिडकीच्या गजाला एक शेळी बांधलेली. भिंतीवर पाटी, तिच्यावर अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर. एका मुलीने तो लावून पाहिला. उचलणारे गृहस्थ बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. बिचारे चांगले होते, '११२ ला फोन करा बाळ' म्हणाले. पोरं कट्ट्यावर होतीच. आम्ही सहा-सात जणी होतो, त्यामुळे नुसती बघत राहिली. मी फोटो काढायला लागले तशी दोघं उठून गेली.

आल्यावर काकांनी आणखी एक काम सांगितलं. मुलींनी पोलीस निरीक्षकांच्या नावे निवेदन द्यायचं, त्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त चौकी उघडा आणि गस्त घाला एवढंच म्हणायचं, आणि त्यावर आवकचा शिक्का मारून पोच घ्यायची. म्हणजे घरी फोन जायचं कारण नाही आणि नोंद मात्र झाली. हे मला भारी वाटलं. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात त्या गोल शिक्क्याचं एवढं महत्त्व लिहिलेलं नाही.

मग प्रश्न लिहिला. नियम असे: प्रश्नात युक्तिवाद नको, अनुमान नको, टोमणा नको, विशेषणं नकोत, मंत्र्यांचं मत विचारायचं नाही, न्यायालयात असलेली बाब नको. म्हणजे त्या अर्जात जे जे जिवंत होतं ते सगळं गेलं. चौकीचंही कागदावर 'पोलीस दूरक्षेत्र' झालं. उरलं ते असं:

"सन्माननीय गृह मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) मौजे अमुक येथील बसस्थानक ते मुलींचे शासकीय वसतिगृह या मार्गावरील पोलीस दूरक्षेत्र बंद असल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त मार्गावरील बहुतांश पथदिवे बंद असून विद्यार्थिनींनी याबाबत पोलीस निरीक्षकांना निवेदन दिले आहे, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

'वा त्यादरम्यान' हे मला उगाच वाटलं होतं. काकांनी ते स्वतःच्या हाताने घातलं. त्यांनी एकदा नुसती तारीख टाकलेला प्रश्न पाहिला होता. घटना आदल्या दिवशीची निघाली आणि उत्तर आलं, हे खरे नाही. पुढच्या सगळ्या भागांना, प्रश्न उद्भवत नाही. दोन शब्दांनी तो दरवाजा बंद होतो. 'विलंबाची कारणे काय आहेत' हे तर महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या शेपटीला असतंच. चौकशी केली म्हणा किंवा केली नाही म्हणा, मंत्र्यांना काहीतरी सांगावंच लागतं.

प्रश्न ऑनलाइन भरला. आता डिसेंबरात नागपूरला सभागृहात काय ते होईल, अशा समजुतीने मी मोकळी झाले. मला वाटत होतं गोष्ट अजून सुरू व्हायचीय. ती तोवर निम्मी उरकली होती.

प्रश्न स्वीकृत झाला की विधिमंडळ सचिवालयाकडून मंत्रालयात विभागाकडे जातो. तिथल्या कक्ष अधिकाऱ्याकडून पोलीस मुख्यालय, तिथून जिल्ह्याचं एसपी ऑफिस, तिथून उपविभाग, तिथून पोलीस ठाणं. प्रत्येक टप्प्यावर ईमेलच्या माथ्यावर 'विधानसभा तारांकित प्रश्न, अतितात्काळ' आणि खाली 'अहवाल आजच सादर करावा'. सरकारी बोलीत याला 'एलएक्यू' म्हणतात. एलएक्यू आला म्हटलं की जेवणाचा डबा अर्धा ठेवून माणसं उठतात, हे मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. उत्तर द्यायचं मंत्र्यांना असतं, पण ते लिहायला बसतो तो ठाण्यातला हवालदार.

एका सकाळी पोलीस निरीक्षकांचा फोन आला. आवाजात कमालीचा गोडवा. "ताई, त्या चौकीचा विषय साहेबांनी टाकलाय का? नाही, सहज विचारलं. आधी एक फोन केला असता तरी चाललं असतं." मुलींचं निवेदन त्यांच्याच टेबलावर शिक्क्यासकट पडून होतं, ते मी बोलले नाही. काकांनी हाताने 'गप्प' अशी खूण केली होती.

त्याच आठवड्यात कडबा गेला, शेळी गेली. कुलूप तोडून नवं लावलं, भिंतीला पिवळा-निळा रंग, पाटीवर नवं नाव. संध्याकाळी सहा ते दहा दोन शिपाई बसू लागले. ग्रामपंचायतीचा माणूसही काकांकडे येऊन गेला. प्रश्न गृहखात्याला असला तरी भाग दोनमध्ये पथदिवे होते, त्यामुळे अहवाल गटविकास अधिकाऱ्यांकडूनही मागवला होता. थकबाकीचा एक हप्ता भरून दिवे लागले. अठरांपैकी किती, ते मुलींनी कळवलं: तेरा.

अधिवेशन नागपूरला. १९५३ च्या नागपूर कराराचा हा वारसा, वर्षातून एकदा सरकार उपराजधानीत. सिव्हिल लाइन्सचं विधान भवन, बाहेर मोर्चे, पायऱ्यांवर फलक घेतलेले आमदार, आमदार निवासाच्या आवारात तर्री पोह्यांच्या प्लेटा आणि प्रत्येक मजल्यावर हातात फाइल घेतलेला एक तरी 'काका'. सगळे एकमेकांना ओळखतात. आपापले आमदार आत एकमेकांवर तुटून पडतात, हे बाहेर एका बाकावर बसून संत्री सोलतात.

गॅलरीचा पास मिळाला. फोन बाहेर जमा. त्या दिवशी सकाळी छापील यादी हातात आली. आमचा प्रश्न बराच खाली होता आणि त्यावर साहेबांच्या नावामागे आणखी पाच-सहा आमदारांची नावं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते गाव पाहिलेलं नसणार. काका म्हणाले, नावं जोडली जातातच, जितकी जास्त तितकं बरं. उत्तर वाचलं:

"(१) व (२) हे अंशतः खरे आहे. (३) सदर दूरक्षेत्र सद्यःस्थितीत कार्यरत असून तेथे पोलीस अंमलदार नेमण्यात आले आहेत. सदर मार्गावर नियमित गस्त सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. चौकी खरंच उघडी आहे, शिपाई खरंच आहेत, गस्त खरंच असते. पण हे सगळं खरं झालं ते प्रश्न आल्यावर, आणि उत्तर वाचून वाटावं की प्रश्न विचारणाराच अर्धवट माहितीवर बोलतोय. शेळीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता आणि फोन गेटवर.

त्यातून सभागृहात आमचा प्रश्न पुकारलाच गेला नाही. प्रश्नोत्तराचा तास पहिला, पण त्या सकाळी विरोधक एका घोटाळ्यावरून वेलमध्ये उतरले. घोषणा, तहकुबी, पुन्हा घोषणा. जेमतेम काही प्रश्न झाले. एका आरोग्याच्या प्रश्नावर मात्र मी कान टवकारले. ग्रामीण रुग्णालय, तीस खाटांचं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी छापील उत्तर बाजूला ठेवलं आणि उपप्रश्न केला: मंजूर पदं किती ते लिहिलंय, भरलेली किती तेही लिहिलंय, पण भरलेल्यांपैकी रात्री रुग्णालयात मुक्कामाला किती असतात? मंत्री अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघायला लागले. वरून चिठ्ठी आली. ती वाचूनही उत्तर निघेना. शेवटी 'माहिती घेऊन महिन्याभरात कार्यवाही करू' असं म्हणाले. काकांनी माझ्या दंडाला हलकेच टोचलं. तो शब्द आता आश्वासन म्हणून नोंदला गेला. विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, ती त्याच्या मागे लागू शकते. छापील उत्तर खात्याने आधीच घोटून ठेवलेलं असतं. उपप्रश्नाला तसली तयारी नसते, म्हणून खरं सभागृह तिथे दिसतं.

हा उपप्रश्न सहज मिळालेला नाही, हे मला अभ्यासातून ठाऊक होतं, तिथे बसून ते पहिल्यांदा खरं वाटलं. कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा १८९२ च्या कायद्याने आली, पण उपप्रश्न नाही. उत्तर मिळालं की गप्प बसायचं. टिळक १८९५ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले, गोखले १८९९ मध्ये, दोघंही याच बंधनातले. पुढे १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची परवानगी मिळाली आणि १९१९ नंतर इतर सदस्यांनाही. मुंबईतलं जुनं कौन्सिल हॉल रीगल सिनेमासमोर होतं. १९८१ मध्ये नरिमन पॉइंटचं विधान भवन झालं आणि त्या जुन्या इमारतीत पुढे राज्य पोलिसांचं मुख्यालय आलं. जिथे गृहखात्याला जाब विचारला जायचा, त्याच भिंतींच्या आत आता त्या जाबाची उत्तरं तयार होतात. मुंबईला गेले की मी तिथे बाहेरून एक चक्कर मारणार आहे.

साहेब लॉबीत भेटले. मी विचारलं, "सर, आपला प्रश्न तर आलाच नाही." ते हसले. "चौकी उघडली ना? मग आला की." त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं. मला मात्र बातमी हवी होती, सभागृहात कुणीतरी त्या कुलपाचं नाव घ्यायला हवं होतं. काका सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचं उदाहरण देतात. अकरा वेळा निवडून आलेला माणूस, एसटीने फिरणारा. काकांच्या डोक्यात आमदाराचं माप तेच. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणायचे, तेही ते सांगतात. पाण्यासारख्या रोजच्या, रटाळ गोष्टीच्या मागे वर्षानुवर्षं लागणारी माणसं त्यांना आवडतात. एका दिवसाच्या बातमीबद्दल त्यांना फारसं प्रेम नाही.

एक गोष्ट काकांनी मला न सांगता कळली. नागपूरहून परतल्यावर एक कंत्राटदार कार्यालयात आला. रस्त्याच्या निकृष्ट कामाबद्दलचा एक प्रश्न यादीत होता. त्याला तो मागे घेतला जाईल का, हे जाणून घ्यायचं होतं, आणि 'जे काही असेल ते' असं म्हणून तो खिशाशी चाळा करत बसला. काकांनी त्याला दारापर्यंत पोचवलं, चहा न देता. हे त्यांच्याकडून मी पहिल्यांदाच पाहिलं. प्रश्नाला बाजारभाव असतो, हे काही गुपित नाही. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने अकरा खासदारांना बडतर्फ केलं होतं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. ज्या कागदाच्या एका ओळीने चौकीचं कुलूप तुटतं, त्याच ओळीने कुणाचं बिलही अडतं. हत्यार दोन्हीकडे चालतं आणि ते उचलणाऱ्या हातावर सगळं सोडलेलं आहे. मला हे फार सुरक्षित वाटत नाही.

जानेवारीत बाजारपेठेतले व्यापारी आले. आठवडी बाजारात पाकीटमारी वाढलीय, बायकांच्या गळ्यातलं ओढून नेलं, बंदोबस्ताला कुणीच नसतं. काकांनी विचारलं, पूर्वी कोण असायचं? दोन शिपाई असायचे, व्यापारी म्हणाले. दिवाळीनंतर दिसले नाहीत. मी काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. निरीक्षकांना फोन लावला. ते अगदी सरळपणे म्हणाले, "ताई, माझ्याकडे माणसं आहेत तेवढीच आहेत. चौकीला बसवले ते कुठून आणले असतील? साहेबांनी सांगावं, बाजार की चौकी. मी तसं करतो."

म्हणजे आमच्या प्रश्नाने शिपाई निर्माण झाले नव्हते, नुसते सरकले होते. त्या अर्ध्या किलोमीटरला मिळालेली सुरक्षितता बाजारातून काढून आणलेली होती, आणि उत्तरात ही गोष्ट कुठेच नव्हती, कारण आम्ही ती विचारलीच नव्हती. कुणी विचारणारही नव्हतं. प्रश्नात एक गाव, एक चौकी, एक महिना धरायचा हे शिकताना तालुका सुटतो.

अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी आता नवा मसुदा समोर आहे. या वेळी 'हे खरे आहे काय' नाही. उक्त पोलीस ठाण्याचा आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, कोणत्या वर्षी मंजूर झाला, तेव्हा हद्दीतली लोकसंख्या किती होती, आज किती आहे, मंजूर पदं किती, प्रत्यक्ष हजर किती, आणि त्यातले प्रतिनियुक्तीवर अन्यत्र किती. काकांच्या मते याचं उत्तर ठरलेलं आहे: पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे. तारांकित टाकायचा की अतारांकित, यावर आमचं एकमत होत नाही. काका म्हणतात आकडे हवेत तर अतारांकित, निवांत मिळतील. मी तारांकितावर अडून बसलेय, कारण मला उपप्रश्न हवाय. तो मी आत्ताच लिहून साहेबांच्या फाइलला टाचून ठेवलाय: बाजार की चौकी, हे शासनाने सांगावं.